पेडिक्युअरच्या टबात नक्की काय असतं? नेल सलूनमधला संसर्ग आणि खुर्चीत बसण्याआधी विचारायचे प्रश्न

साल २०००. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातलं वॉटसनव्हिल हे छोटं शहर. तिथल्या आरोग्य यंत्रणेकडे चार महिलांची माहिती आली. चौघींच्याही पायांवर गुडघ्याखाली गळवं आली होती. सुरुवातीला किडा चावल्यासारखा लालसर फोड, मग तो वाढत जाऊन पू भरलेलं गळू आणि नंतर लवकर न भरणारी जखम.

चौघींमध्ये एक गोष्ट सारखी होती. सगळ्या जणी एकाच नेल सलूनमध्ये पेडिक्युअर करून आल्या होत्या.

तपास सुरू झाला आणि चारचा आकडा वाढत वाढत ११० ग्राहकांवर पोहोचला. अनेकांना काही महिने अँटिबायोटिक्स घ्यावी लागली आणि गळवं गेल्यावरही पायांवर व्रण राहिले. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात २००२ मध्ये या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. नेल सलूनमधून होणाऱ्या संसर्गाचा विषय निघाला की आजही याच घटनेचा दाखला दिला जातो.

हे सगळं आज सांगण्याचं कारण सोपं आहे. नेल एक्स्टेन्शन, जेल पॉलिश, पेडिक्युअर हे आता फक्त सिनेमातल्या लोकांपुरतं राहिलेलं नाही. लग्नसराई असो, दिवाळी असो किंवा ऑफिसची पार्टी, नखं करून घेणं अनेकींच्या आणि अनेकांच्याही यादीत असतं. डिझाइन निवडायला आपण तासभर रील्स बघतो. पण ज्या अवजाराने आपली कातडी खरवडली जाणार आहे, ते आधी कोणाच्या पायाला लागलं होतं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

म्हणून घाबरून न जाता, पण नीट समजून घेऊया.

वॉटसनव्हिलमध्ये नेमकं काय झालं होतं?

त्या सलूनमध्ये पाय बुडवून बसायचे दहा टब होते. साधे घमेल्यासारखे नाहीत, तर पाणी आतल्या आत फिरवणारे, बुडबुडे काढणारे. अशा टबात पाणी एका जाळीतून आत ओढलं जातं आणि पुन्हा बाहेर सोडलं जातं. तपास करणाऱ्यांनी या जाळ्या काढून मागे पाहिलं, तेव्हा तिथे केस आणि मेलेल्या त्वचेचा गाळ साचलेला होता. दहाच्या दहा टबांत 'मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम' नावाचा जिवाणू सापडला.

हा जिवाणू क्षयरोगाच्या जिवाणूचा लांबचा भाऊबंद. याच्यामुळे क्षयरोग होत नाही. तो माती आणि पाण्यात सहज आढळतो, नळाच्या पाण्यातही थोड्या प्रमाणात असू शकतो आणि पाण्यातल्या क्लोरीनला सहजासहजी दाद देत नाही. एरवी तो आपलं काही बिघडवत नाही. पण कोमट पाणी, खायला केस आणि त्वचेचा गाळ आणि कोणी हात लावणार नाही अशी जाळीमागची जागा मिळाली की तो तिथे बस्तान बसवतो. पृष्ठभागावर चिकट थर तयार करतो आणि त्या थराखाली सुरक्षित राहतो. वरवर पाणी बदललं, टब पुसला, तरी तो थर जात नाही.

या तपासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेडिक्युअरच्या आधी ज्यांनी रेझरने पायांवरचे केस काढले होते, त्यांना संसर्ग होण्याची शक्यता जास्त आढळली. रेझरने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे बारीक चरे पडतात. जिवाणूला आत शिरायला तेवढी फट पुरेशी असते.

हे एकाच सलूनचं दुर्दैव होतं का? तर नाही. नंतर कॅलिफोर्नियातल्याच १८ सलूनमधले ३० टब तपासले गेले. त्यातल्या २९ टबांत याच कुळातले कोणते ना कोणते जिवाणू सापडले. प्रत्येक ठिकाणी लोक आजारी पडले नव्हते. म्हणजे जिवाणू असणं आणि संसर्ग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण स्वच्छता ढिली पडली की या दोहोंमधलं अंतर पटकन कमी होतं, हे त्यातून दिसलं.

नखाजवळच संसर्ग का होतो?

आपलं नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा कडक पत्रा. तो बोटाला जिथे जोडलेला असतो तिथे, नखाच्या मुळाशी, एक पातळ कातडी असते. तिलाच आपण सलूनच्या भाषेत क्युटिकल म्हणतो. दिसायला ती नकोशी वाटते, पण तिचं काम महत्त्वाचं आहे. खिडकीच्या काचेभोवती रबरी पट्टी असते ना, जी पावसाचं पाणी आत येऊ देत नाही, तसंच काहीसं. नख आणि त्वचा यांच्यामधली फट ही कातडी बंद करते.

मॅनिक्युअरमध्ये काय होतं? आधी हात कोमट पाण्यात भिजवतात, त्यामुळे कातडी मऊ होते. मग पुशरने ती मागे ढकलतात आणि निपरने कापतात. थोडक्यात, ती रबरी पट्टीच काढून टाकली जाते. त्यात अवजार अस्वच्छ असेल किंवा नख जिव्हाळीला लागेपर्यंत कापलं गेलं असेल, तर जंतूंना दार सताड उघडं मिळतं. त्वचारोगतज्ज्ञ क्युटिकल कापू नका असं सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

कोणकोणते संसर्ग होऊ शकतात?

नखुरडं: हा सगळ्यात ओळखीचा त्रास. नखाच्या कडेला बोट सुजतं, लाल होतं, ठणकतं आणि पू होतो. बहुतेक वेळा 'स्टॅफिलोकॉकस' जातीचा जिवाणू याला कारणीभूत असतो. क्युटिकल कापल्यानंतर दोन-चार दिवसांत हे होऊ शकतं. ज्यांचे हात सतत पाण्यात असतात, त्यांच्यात नखुरड्याचा रेंगाळणारा प्रकार दिसतो आणि त्यात अनेकदा कॅन्डिडा ही बुरशी आढळते.

नखाची बुरशी: नख पिवळट, जाड, ठिसूळ होतं आणि कडेने चुरा पडायला लागतो. चिखल्या करणारी बुरशी आणि नखाची बुरशी बहुतेकदा एकाच कुळातली असते. दुखत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात किंवा वरून पॉलिश लावून झाकतात. पण ही बुरशी हट्टी असते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या जवळपास निम्म्याने. त्यामुळे उपचार सुरू केल्यावरही निरोगी नख पूर्ण यायला हाताला सुमारे सहा महिने आणि पायाला वर्ष ते दीड वर्ष लागू शकतं.

हिरवं नख: जेल किंवा अॅक्रिलिकचं नख खऱ्या नखापासून कडेने सुटलं की मध्ये पोकळी तयार होते. भांडी, अंघोळ, कपडे यांचं पाणी तिथे शिरतं आणि अडकून राहतं. या ओलाव्यात 'स्युडोमोनास' हा जिवाणू वाढतो. तो हिरवट रंगद्रव्य तयार करतो आणि त्यामुळे नख हिरवं-काळं दिसतं. असं दिसलं तर त्यावर नवं पॉलिश चढवून रंग लपवणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी कृत्रिम नख काढायचं, नख कोरडं ठेवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

चामखीळ: 'एचपीव्ही' गटातल्या काही विषाणूंमुळे हात-पायांवर चामखीळ येते. फाइल किंवा टाच घासायचा दगड चामखिळीवरून फिरला आणि तोच दुसऱ्याच्या त्वचेवर फिरला, तर विषाणू पुढे जाऊ शकतो.

हिपॅटायटिस बी आणि सी: हे रक्तातून पसरणारे विषाणू. इथे दोन गोष्टी एकत्र समजून घ्यायला हव्यात. नखं करून घेताना हिपॅटायटिस होण्याची शक्यता कमी आहे, उगाच भीती पसरवण्यात अर्थ नाही. पण ती शून्यही नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागात, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि तो डाग डोळ्यांना दिसेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी होता आणि सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी. यातल्या अनेकांना आपल्याला संसर्ग आहे हेच माहीत नसतं. त्यामुळे 'इथे चांगल्या घरातले लोक येतात' हे वाक्य स्वच्छतेचा पुरावा होऊ शकत नाही.

दिलासा देणारी बाब म्हणजे हिपॅटायटिस बीवर लस आहे. आपल्या सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ पासून आली. म्हणजे आज विशीत किंवा त्यापुढे असलेल्या अनेकांना ती लहानपणी मिळालेली नसेल. डॉक्टरांना विचारून मोठेपणीही घेता येते. सलूनमध्ये काम करणाऱ्यांनी तर घ्यायलाच हवी.

'आम्ही सगळं सॅनिटाइज करतो' म्हणजे काय करतात?

खरा घोळ इथे आहे. धुणं, निर्जंतुक करणं आणि पूर्ण निर्जंतुक करणं या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि बोलताना आपण तिन्हींना एकच शब्द वापरतो.

पहिली पायरी धुण्याची. साबण, पाणी आणि ब्रशने अवजारावरचा मळ, त्वचा, रक्त काढणं. ही पायरी टाळली तर पुढचं सगळं वाया, कारण मळाच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात.

दुसरी पायरी जंतुनाशक द्रावणाची. अवजार द्रावणात पूर्ण बुडलेलं हवं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ, अनेक द्रावणांसाठी दहा मिनिटं, तसंच राहायला हवं. स्पिरिटच्या बोळ्याने एकदा पुसलं की झालं, असं होत नाही. द्रावणही वेळच्या वेळी बदलायला हवं. तळाशी नखांचे तुकडे साचलेलं गढूळ पाणी कोणतेच जंतू मारत नाही.

तिसरी पायरी ऑटोक्लेव्हची. डॉक्टरांकडे असतं ते दाब आणि वाफेचं यंत्र. प्रेशर कुकरचा मोठा भाऊच समजा. साधारण १२१ अंश सेल्सिअस तापमानाला दाबाखालची वाफ अवजारांना ठरावीक वेळ मिळाली की चिवट जंतूही मरतात. कातडी कापणाऱ्या धातूच्या अवजारांसाठी हा सगळ्यात भरवशाचा मार्ग.

मग अनेक सलूनमध्ये दिसणारी ती निळा प्रकाश पडणारी पेटी? तिला 'यूव्ही स्टरिलायझर' म्हणतात खरं, पण तिच्यावर एकटीवर विसंबून चालत नाही. अतिनील किरण जिथे थेट पडतात तिथलेच जंतू मरतात. निपरच्या सांध्यात, अवजाराच्या खालच्या बाजूला, मळाच्या थराखाली ते पोहोचत नाहीत. स्वच्छ केलेली अवजारं ठेवायला ती पेटी ठीक आहे. अस्वच्छ अवजार स्वच्छ करायला नाही.

आणि काही वस्तू अशा आहेत ज्या कशानेच नीट स्वच्छ होत नाहीत. कागदी फाइल, बफर, लाकडी काडी, बोटांमध्ये घालायचा स्पंज. या सच्छिद्र वस्तू एका ग्राहकानंतर फेकायच्या किंवा त्याच ग्राहकाला देऊन टाकायच्या. टाच घासायचा दगडही याच गटात येतो. आपल्या घरात प्रत्येकाचा टूथब्रश वेगळा असतो, तसंच हे.

सलूनवाल्यांची अडचण काय आहे?

सगळा दोष समोर बसलेल्या मुलीच्या माथी मारणं बरोबर नाही. थोडं गणित करून बघा. एक ग्राहक पाऊण तासात उठते आणि लगेच दुसरी बसते. अवजारं धुऊन, द्रावणात बुडवून, वाळवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, ऑटोक्लेव्ह असेल तर आणखी जास्त. टेबलावर अवजारांचा एकच सेट असेल, तर ती मुलगी कितीही प्रामाणिक असली तरी लग्नसराईच्या गर्दीत नियम पाळू शकणार नाही. म्हणजे प्रश्न तिच्या सवयीइतकाच सेट किती आहेत याचाही आहे. आणि सेट किती घ्यायचे, हे ती नाही, मालक ठरवतो.

शिवाय धोका तिलाही आहेच. दिवसभर ती लोकांच्या नखांची धूळ श्वासात घेते, तिच्याही बोटाला निपर लागतो. हातमोजे, मास्क आणि लस या तिच्या हक्काच्या गोष्टी आहेत.

कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलच्या घटनेनंतर पायांच्या टबांसाठी नियम आले. प्रत्येक ग्राहकानंतर टब रिकामा करून निर्जंतुक करायचा, दिवसाच्या शेवटी जाळी काढून मागचा गाळ साफ करायचा आणि याची नोंदवहीत नोंद ठेवायची. तिथे नखांचं काम करायला ४०० तासांचं प्रशिक्षण, परीक्षा आणि परवाना लागतो. पायाची जाड कातडी ब्लेडने काढायला तिथे बंदी आहे.

आपल्याकडे या कामासाठी देशभर लागू असलेली अशी सक्तीची परवाना परीक्षा नाही. चांगलं प्रशिक्षण घेतलेले कलाकार आहेत आणि चार व्हिडिओ बघून सुरुवात केलेलेही आहेत. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून फरक कळेलच असं नाही. म्हणून ग्राहकाचे डोळे उघडे असणं जास्त गरजेचं.

कोणी जास्त जपायला हवं?

मधुमेह असलेल्यांनी. हा मुद्दा घाईत वाचून पुढे जाऊ नका, कारण तुम्हाला नसेल तरी तुमच्या आईला, मावशीला किंवा बाबांना असू शकतो. 'आयसीएमआर-इंडियाब' या अभ्यासाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळ मधुमेह असला की पायांची संवेदना कमी होत जाते आणि रक्तपुरवठाही मंदावतो. पाणी जास्त गरम आहे, ब्लेड लागलंय, हे कळतच नाही. जखम भरायला वेळ लागतो आणि ती चिघळली तर प्रकरण बोट किंवा पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकतं.

मदर्स डेला आईला पेडिक्युअरचं गिफ्ट देण्याचा विचार छान आहे. पण तिला मधुमेह असेल, तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. आणि 'कुरूप काढून देतो', 'टाचेची कातडी ब्लेडने साफ करतो' याला स्पष्ट नाही म्हणा.

केमोथेरपी सुरू असलेल्यांनी, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि पायाला आधीच जखम किंवा चिखल्या असलेल्यांनीही हेच पाळावं.

जाण्याआधी, खुर्चीत आणि नंतर

- पेडिक्युअरच्या किमान एक दिवस आधी पायांवर रेझर किंवा वॅक्स करू नका.
- हातापायाला कापलं असेल, खरचटलं असेल, तर अपॉइंटमेंट पुढे ढकला. तुम्हाला बुरशीचा संसर्ग असेल तरीही. पुढच्या ग्राहकाचा विचार आपणही करायचा असतो.
- आत गेल्यावर विचारा: अवजारं कशी साफ करता? सेट किती आहेत? फाइल नवीन आहे का? चांगल्या सलूनला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट ते कौतुकाने दाखवतात.
- सीलबंद पाकीट तुमच्यासमोर उघडलं गेलं तर उत्तम. पण पाकिटात भरण्याआधी अवजार कसं साफ केलं, हेही विचारा.
- बुडबुड्यांच्या टबापेक्षा साधा, जाळी नसलेला टब साफ करायला सोपा. त्यावर एकदाच वापरायचं प्लास्टिकचं अस्तर घातलेलं असेल तर आणखी बरं.
- क्युटिकल कापू नका, फक्त हलकेच मागे करा, असं सुरुवातीलाच सांगा.
- नियमित जाणार असाल तर स्वतःचा सेट घ्या. निपर, पुशर, फाइल आणि टाचेसाठी घरातली वजरी. वापरून झाल्यावर साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा आणि पूर्ण कोरडं करून ठेवा. ओल्या पाऊचमध्ये ठेवलात तर स्वतःच्याच सेटवर बुरशी वाढवाल.
- घरी येऊन सेवा देणाऱ्यांनाही हेच नियम लागू. दिवसभरात चार घरं फिरणाऱ्या बॅगेतली अवजारं मध्ये कुठे साफ झाली, हा प्रश्न रास्त आहे.
- जेलचं नख सुटायला लागलं तर ओढून काढू नका. खऱ्या नखाचे थर सोबत निघतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

नखाभोवती सूज आणि ठणका दोन दिवसांत कमी झाला नाही, पू दिसला, लाली पसरत गेली किंवा ताप आला तर थांबू नका. मधुमेह असेल तर दोन दिवसही नाही, त्याच दिवशी दाखवा.

पायावर आलेलं गळू काही आठवड्यांनंतरही जात नसेल, तर डॉक्टरांना पेडिक्युअर कधी केलं होतं ते आवर्जून सांगा. वॉटसनव्हिलसारखा जिवाणू नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही आणि तो ओळखायला वेगळी तपासणी लागते. तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या डोक्यात ती शक्यता येईलच असं नाही.

आणि मेडिकलवाल्याने दिलेलं 'तीन गोष्टींवर एकच' छाप मलम लावणं टाळा. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने खाज आणि लाली तात्पुरती कमी होते, पण बुरशी आतून पसरत राहते. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ याबद्दल अनेक वर्षं सावध करत आहेत.

सलूनच्या निष्काळजीपणामुळे त्रास झाला असं वाटत असेल तर बिल, फोटो आणि डॉक्टरांचे कागद जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

वॉटसनव्हिलच्या त्या सलूनमधल्या टबांत पाय बुडवणाऱ्या कोणालाही जाळीमागचा गाळ दिसला नसणार. वरून पाणी स्वच्छच दिसत होतं. त्यामुळे पुढच्या वेळी खुर्चीत बसलात की रंग निवडण्याआधी एक वाक्य बोला: "ताई, हा सेट कसा साफ केलाय ते जरा दाखवता का?" विचारायला दहा सेकंद लागतात. आणि दाखवायला टाळाटाळ झाली, तर उठून यायला त्याहून कमी.